लायसन्स हातात आलं, पुढे काय?

पुण्या-मुंबईहून एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून न्यू जर्सीत आलेल्या मुलींचे मला फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला: ‘ताई, सोशल वर्कच्या लायसन्सची परीक्षा किती अवघड असते?’ परीक्षा अभ्यासाने निघते. गाडी अडते ती कागदांवर.

आपली पदवी आधी सीएसडब्ल्यूई या समाजकार्य शिक्षणाला मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. त्यात फील्डवर्कचा तपशील लागतो, म्हणून विमानात बसण्याआधीच कॉलेजातून तासांचं सही-शिक्क्याचं पत्र घेऊन ठेवा. मी घेतलं नव्हतं. मग भावाने माझ्यासाठी चकरा मारल्या.

एलएसडब्ल्यू, म्हणजे एमएसडब्ल्यूनंतरचं पहिलं लायसन्स, मिळालं तरी स्वतंत्रपणे थेरपी करता येत नाही. सुपरव्हिजनखाली, क्लायंटसमोर बसून १,९२० तास भरायचे, तेही सलग तीन वर्षांच्या आत. वर क्लिनिकल परीक्षा. तेव्हा कुठे एलसीएसडब्ल्यू, म्हणजे स्वतंत्रपणे थेरपी करायचं लायसन्स. तासांच्या वहीवर सुपरव्हायझरची सही वरचेवर घेत जा. माझ्या सुपरव्हायझर मध्येच नोकरी सोडून गेल्या आणि जुन्या तासांसाठी मला त्यांना शोधत फिरावं लागलं.

मला वाटलं होतं, एलसीएसडब्ल्यू झालं की विमा कंपन्या पैसे देतील. तसं नसतं. दहा आकडी एनपीआय नंबर (आरोग्यसेवा देणाऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) काढायचा, सीएक्यूएच या विमा कंपन्या बघतात त्या सामाईक पोर्टलवर माहिती भरायची, ती दर १२० दिवसांनी पुन्हा खरी असल्याचं कळवायचं आणि मग प्रत्येक कंपनीकडे वेगळा अर्ज. यात महिने जातात. तोवर क्लायंट खिशातून पैसे देतो आणि त्याच्या योजनेत सोय असेल तर आपण दिलेलं सुपरबिल (सेशनची तपशीलवार पावती) लावून काही रक्कम परत मिळवतो. ही सोय आहे का, हे पहिल्या सेशनआधीच त्याला विमा कंपनीला विचारायला सांगा. मेडिकेअरचं, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याचं म्हणाल, तर मानसशास्त्रज्ञाला ठरलेल्या दराच्या ७५ टक्केच आपल्याला मिळतात. काम तेच असताना हा फरक मला आजही मान्य नाही.

सर्वांत जपायची ती मिनिटं. विमा कंपनीला बिल लावताना ९०८३७ हा थेरपी सेशनचा कोड ५३ मिनिटांपासून लागतो. ३८ ते ५२ मिनिटांना ९०८३४. सुरुवातीला मी नोंदीत नुसतं ‘एक तास’ लिहायचे. एका कंपनीने नोंदी मागवल्या, सुरू-संपल्याची वेळ नाही म्हणून दिलेले पैसे परत घेतले. काम मी केलं होतं, पण दाखवता आलं नाही.

आता क्लायंटच्या खुर्चीमागे, मला दिसेल असं घड्याळ टांगलंय. नोंदीची पहिली ओळ: ५.०२ ते ५.५६. एखादी बाई पन्नासाव्या मिनिटाला डोळे पुसून उठली, तर तीन मिनिटांसाठी तिला बसवून ठेवत नाही. त्या दिवशी ९०८३४ लावते.