जर्बेराचा गळा मातीबाहेर ठेवा : पावसाळ्यापूर्वीचे तातडीचे काम

जर्बेरा हे फुलझाड लावलेल्या शेतकऱ्यांनी पाऊस सुरू होण्यापूर्वी इतर कामे बाजूला ठेवून एक काम करावे. प्रत्येक झाडाजवळ बसून त्याचा गळा, म्हणजे ज्या भागातून नवी पाने आणि कळ्या निघतात तो क्राऊन, मातीच्या वर उघडा आहे की नाही, हे बोटाने चाचपून पाहावे. तो गाडला गेला असेल तर आजच मोकळा करावा, कारण हवा दमट झाल्यावर आणि कूज लागल्यावर माती उकरून काही हाती लागत नाही.

हे झाड बहुवर्षायू असले तरी नाजूक आहे. हरितगृहात नीट सांभाळले तर दोन ते तीन वर्षे फुले देते. तरीही पहिल्याच पावसाळ्यात ओळीच्या ओळी बसलेले प्लॉट मी पुनःपुन्हा पाहिले आहेत आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी कारण तेच निघाले. लागवडीच्या दिवशी बहुतेक जण गळा मातीच्या वर १ ते २ सेंटीमीटर ठेवतात. तो गाडला जातो नंतर. भुसभुशीत गादीवाफा (उंच केलेला वाफा) दबताना रोपही खाली बसते, खुरपणीत माती बुंध्याकडे ओढली जाते, शेणखताची ओंजळ नेमकी झाडावर पडते आणि इतर पिकांना भर देऊन, म्हणजे बुंध्याशी माती चढवून, हाताला लागलेली सवय येथे घातक ठरते. जर्बेराला भर कधीही देऊ नये.

गळ्याभोवती ओल साचली की फायटोप्थोरा बुरशी बळावते. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात, त्यामुळे एका झाडाची कूज पाण्याच्या वाटेने शेजारच्या झाडांपर्यंत जाते. सुरुवातीचे लक्षण फसवे असते. दुपारी पाने मलूल होतात, सायंकाळी सावरतात आणि शेतकरी पाणी वाढवतो. त्या वेळी आधी माती मुठीत दाबून पाहावी; माती ओली असूनही झाड मान टाकत असेल तर दुखणे मुळाशी आहे. असे झाड हलकेच ओढले तरी मुळे मातीत राहून वरचा भाग हातात येतो, आणि तो उभा चिरला तर आतला गर तपकिरी-काळा दिसतो.

इतके कुजलेले झाड कोणत्याही औषधाने परत येत नाही. नेमक्या याच वेळी मुळ्या वाढवणाऱ्या आणि प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या म्हणून महागड्या बाटल्या विक्रेत्यांकडून माथी मारल्या जातात; त्या घेऊ नयेत. रोगट झाड भोवतालच्या मातीसह काढून प्लॉटबाहेर नष्ट करावे. शेजारच्या झाडांना मेटॅलॅक्झिल ८ टक्के व मॅन्कोझेब ६४ टक्के या मिश्र बुरशीनाशकाची, लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात, बुडाशी आळवणी करावी, म्हणजे ते द्रावण मुळांशी ओतावे. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी कुजलेल्या शेणखतातून द्यावयाची असेल तर आळवणीनंतर १५ दिवस थांबावे. आभाळ भरून आलेल्या दिवशी मी सकाळचे ठिबक बंदच ठेवतो. एका पाण्याच्या खंडाने झाड मेलेले मी पाहिलेले नाही, जास्त पाण्याने मेलेली मात्र पुष्कळ पाहिली.

कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर सूक्ष्म अन्नद्रव्ये विकत घेण्यापूर्वी मातीचा सामू (आम्ल-विम्लता, pH) तपासावा. तो ५.५ ते ६.५ असावा, त्याहून जास्त असल्यास किंवा मुळाशी पाणी साचत असल्यास मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही.

नेहमीची कामे :
- गादीवाफा ४५ सेंटीमीटर उंच, निचरा मोकळा
- रोपांतील अंतर ३० × ३० सेंटीमीटर
- पहिले दोन महिने कळ्या खुडणे
- जुनी, रोगट पाने काढणे
- पांढरी माशी व नागअळीसाठी ५ टक्के निंबोळी अर्क, सायंकाळी
- रात्रीचे तापमान १२ अंश सेल्सिअसखाली गेल्यास हरितगृहाचे पडदे बंद

फुलाची काढणीही गळ्याशीच निगडित आहे. दांडा कात्रीने कापला तर उरलेले खुंट कुजत थेट गळ्यात उतरते. म्हणून दांडा बुडाशी धरून किंचित पिरगळावा आणि बाजूला ओढून मुळापासून सोडवावा. नवख्या मजुरांना हे पहिल्या दिवशी शेजारी उभे राहून शिकवावे. पहिल्या मोठ्या पावसानंतर तिसऱ्या दिवशी प्लॉटमध्ये पुन्हा फिरून, ओघळलेल्या मातीखाली गेलेला प्रत्येक गळा बोटाने मोकळा करावा.