नऊवारी स्वतःची स्वतः कशी नेसायची (शिवलेली नाही, खरी!)

गुढीपाडवा आला की शिवलेल्या नऊवारीची चौकशी सुरू होते. शिवलेली सोपी आहे, पायजम्यासारखी चढवली की झालं, पण वजन दोन किलो वाढलं की संपली. नेसायची साडी मात्र आजीलाही बसते आणि नातीलाही.

साडी घेताना लांबी विचारून घ्या. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर आणि आपली रोजची सहावारी साडेपाचची, त्यामुळे सहावारीत हे जमवायला जाऊ नका. आणि पहिल्यांदा पैठणीवर तर अजिबात नको! रेशीम घसरतं. आईचं किंवा आजीचं सुती लुगडं मिळालं तर ते घ्या, इरकल पण चालेल, सुती कापड निरी धरून ठेवतं. आतून परकर घालायचा नाही, मध्ये काष्टा (पायांमधून मागे खोचायचा काठ) जातो ना, शॉर्ट्स किंवा लेगिंग्ज घाला.

आता नेसायला घेऊ. साडी पाठीमागून कमरेवर घ्या, डाव्या हातात छोटं टोक, उजव्या हातात लांब पदराची बाजू. डावीकडे इतकंच ठेवा की बेंबीजवळ गाठ मारून वर हातभर उरेल. दोन्ही वरचे काठ धरून गाठ मारा आणि ती घट्ट मारा, थोडी टोचली तरी चालेल, कारण पुढचं सगळं ओझं तिच्यावर आहे, ती सैल राहिली तर कितीही पिना लावा, तासाभरात सगळं खाली.

मग पदर. लांब टोक पुढून डावीकडे, पाठीमागून, उजव्या काखेखालून पुढे आणून डाव्या खांद्यावर. खांद्याला एकच पिन. मध्ये पुढे जे कापड लोंबतंय त्याच्या निऱ्या घाला आणि गाठीवर खोचा. ब्राह्मणी पद्धतीत इथे ओचा (पोटाजवळ खोचलेला निऱ्यांचा घोळ) काढतात, आपण सध्या सोडून देऊ.

काष्टा हा खरा प्रकार, इथेच सगळ्या चुकतात. पाय जुळवून उभं राहून काष्टा ओढला की दिसतो मस्त, पण मग जिना चढता येत नाही. माझं पहिल्यांदा हेच झालं, मंगळागौरीला गेले आणि झिम्मा सोडून खुर्चीत बसून राहिले. म्हणून पाय खांद्याएवढे फाकवा, निऱ्यांच्या मधला खालचा काठ उचला, दोन्ही पायांमधून मागे न्या, काठाच्या छोट्या चुण्या करून मागे कमरेत बरोबर मधोमध खोचा. पिन लगेच लावू नका!! आधी उकिडवं बसून बघा, दोन पायऱ्या चढा, कुठे ताणलं तर थोडं सोडा आणि मगच पिन. गिरगावच्या शोभायात्रेत बायका नऊवारी नेसून बुलेट चालवतात, ते याच मापामुळे जमतं.

पोटऱ्या दिसतायत म्हणून घाबरू नका, कोळणी तर गुडघ्यापर्यंतच नेसतात, कामाला तेच बरं. तुम्हाला घोट्यापर्यंत हवी असेल तर गाठ मारतानाच साडी थोडी खाली धरा, नंतर ओढून होत नाही.

आणि हो, बाथरूमचा प्रश्न सगळ्यांना पडतो, विचारत कोणी नाही. फक्त मागचा काष्टा सोडायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही, परत खोचायला एक मैत्रीण बरोबर ठेवा.