कॅस्पेज कापलं म्हणजे चालू झालं? प्रयोगात या चुका टाळा

आमच्या लॅबमधली एक विद्यार्थिनी एकदा ब्लॉट (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीनं पट्ट्यांच्या, म्हणजे बँडच्या, रूपात दाखवणारा पडदा) घेऊन आली, अगदी रडकुंडीला आलेली. स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-7 पेशींना तिनं औषध दिलं होतं. पेशी गोल होऊन सुटत होत्या, मरत होत्या, पण कॅस्पेज-3च्या (कॅस्पेज म्हणजे पेशीच्या नियोजित मृत्यूत प्रथिनं कापणारी एन्झाइम्स) कापलेल्या तुकड्याचा 17 किलोडाल्टनचा बँड काही केल्या उमटत नव्हता. तिनं अँटिबॉडी बदलली, ट्रान्सफरची वेळ बदलली. दोष त्या दोन्हींत नव्हताच. एमसीएफ-7च्या कॅस्पेज-3 जनुकातले 47 बेस गळालेले आहेत, त्यामुळे हे प्रथिन त्या पेशींत तयारच होत नाही. 1998 पासून ही गोष्ट माहीत आहे. कॅस्पेज-3 नसतानाही त्या मरतात, कारण कॅस्पेज-7 शाबूत असतं. तिचा महिना वाया गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. कॅस्पेज-3 असलेल्या हेला किंवा जर्कॅट पेशींना स्टॉरोस्पोरिन हे पेशी मारणारं औषध देऊन केलेला पॉझिटिव्ह कंट्रोल शेजारच्या लेनमध्ये असता, तर अँटिबॉडी ठीक आहे हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

पण सगळ्यात खोल रुतलेली चूक वेगळीच आहे: तुकडा दिसला की एन्झाइम चालू झालं, असं धरून चालणं. सगळ्या कॅस्पेजना हा नियम लागू होत नाही, आणि का ते रचनेतच दिसतं.

कॅस्पेज-3 आणि 7 ही शेवटची तोडफोड करणारी एन्झाइम्स. त्यांचे रेणू पेशीत आधीपासूनच जोडीनं बसलेले असतात, फक्त निष्क्रिय. प्रोकॅस्पेज-3, म्हणजे त्याचं न कापलेलं रूप, ही 277 अमिनो आम्लांची साखळी. तिच्या मोठ्या आणि लहान भागांमधला दुवा 175व्या अ‍ॅस्पार्टेटनंतर कापला गेला की सक्रिय जागेभोवतीचे लूप सरकून जागेवर बसतात, आणि 163व्या सिस्टीनला काम करता येतं. मग दोन मोठे आणि दोन लहान तुकडे मिळून पूर्ण एन्झाइम होतं. इथं कापणं हीच किल्ली.

कॅस्पेज-9चं तसं नाही. ते एकेकटं फिरत असतं. मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी बाहेर पडलं की अ‍ॅपॅफ-1 या प्रथिनाचे सात रेणू चाकासारखे जुळतात, त्याला अपॉप्टोझोम म्हणतात. त्या चाकावर कॅस्पेज-9 येऊन बसतं आणि न कापताच सक्रिय होतं. उलट, कापलेलं पण चाकापासून सुटलेलं कॅस्पेज-9 जवळजवळ काहीच करत नाही. आणखी एक गोष्ट नीट पाहा. 35 किलोडाल्टनचा तुकडा ते स्वतःला 315व्या अ‍ॅस्पार्टेटपाशी कापून तयार करतं. 37चा तुकडा मात्र कॅस्पेज-3नं त्याला 330व्या जागी कापल्यामुळे येतो. म्हणजे फक्त 37चा बँड दाखवून ‘कॅस्पेज-9नं सुरुवात केली’ असं लिहिलंत, तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली असू शकते.

कॅस्पेज-3च्या बाबतीतही सावध राहा. कापलेल्या रेणूला एक्सआयएपी हे कॅस्पेज रोखणारं प्रथिन धरून ठेवू शकतं. तेव्हा बँड ठळक असतो आणि काम थंड. म्हणून सोबत पार्प, म्हणजे कॅस्पेज-3 कापतं ते एक प्रथिन, पाहा: 116 किलोडाल्टनचा बँड 89चा झाला असेल, तर पेशीत खरोखर काही कापलं गेलंय.

क्रियाशीलता मोजताना डब्यावरच्या नावावर विसंबू नका. कॅस्पेज-3साठीचं डीईव्हीडी सब्स्ट्रेट (एन्झाइमला कापायला दिलेला छोटा पेप्टाइड) कॅस्पेज-7सुद्धा कापतं, आणि ‘कॅस्पेज-9साठी’ म्हणून विकलं जाणारं एलईएचडी कॅस्पेज-3लाही चालतं. रीडिंग अगदीच शून्य आलं, तर आधी डीटीटीकडे, म्हणजे सिस्टीनला ऑक्सिडाइझ होऊ न देणाऱ्या रसायनाकडे, बघा. सक्रिय जागेतलं सिस्टीन ऑक्सिडाइझ झालं की एन्झाइम मेल्यातच जमा, आणि 20 अंशांना, 7.5 पीएचला डीटीटी सुमारे 10 तासांत निम्मं होतं. कालचा बफर आज वापरू नका. आयोडोअ‍ॅसिटामाइड (ते सिस्टीनलाच बांधून टाकतं) असलेल्या लायसेटमध्ये, म्हणजे पेशी फोडून काढलेल्या द्रवात, तर क्रियाशीलता शोधूच नका. झिंकही कॅस्पेज-3ला रोखतं, म्हणून बफरमध्ये झिंक पकडून ठेवणारं ईडीटीए ठेवा.

कॅस्पेज बंद करणारं झेडव्हॅड दिल्यावरही पेशी मरत राहिल्या, तर ‘इनहिबिटर खराब आहे’ म्हणून फेकू नका. कॅस्पेज-8 बंद झालं की काही पेशी आरआयपीके-1, आरआयपीके-3 आणि एमएलकेएलच्या वाटेनं, म्हणजे नेक्रोप्टोसिसनं (कॅस्पेजशिवायच्या नियोजित मृत्यूनं) मरतात. आरआयपीके-1ला रोखणारं नेक्रोस्टॅटिन-1 घालून पाहा, बहुतेक उलगडा होईल.

आणि पेशी गोळा करताना वरचं माध्यम ओतून देऊ नका. मरणाऱ्या पेशी तळ सोडून तरंगतात. तुम्ही शोधताय तो बँड त्या माध्यमातच असतो. ते 15 मिलिलीटरच्या ट्यूबमध्ये घ्या, सेंट्रिफ्यूज करा, आणि तळाशी बसलेली ती बारीक पांढरी टिकली खरवडलेल्या पेशींत मिसळा.