घरच्या चमच्या-काट्यांना शोभतील असे वाढायचे चमचे कसे निवडायचे

कटलरीचा सेट घेताना जेवायचे चमचे, काटे, सुऱ्या सगळं मोजून घेतलं जातं आणि वाढायच्या चमच्यांचं नंतर बघू असं म्हणून ते राहूनच जातं. मग कधीतरी घरी आठ-दहा माणसं जेवायला येतात आणि टेबलावर ताटांशेजारी छान एकसारखे चमचे मांडलेले असतात, पण भांड्यांमधे मात्र प्रत्येक डाव वेगळ्या जातीचा. माझंही असंच झालं होतं. तेव्हा मी ऑनलाइन फोटो बघून एक वाढायचा सेट मागवला, फोटोत अगदी आमच्यासारखाच दिसत होता, पण घरी आल्यावर खिडकीपाशी दोन्ही चमचे शेजारी ठेवले तर आमचा किंचित पिवळसर पांढरा आणि नवा निळसर राखाडी, आणि एकदा तो फरक दिसला की मग दिसतच राहतो. त्यानंतर मी यात बरंच लक्ष घातलं, ते इथे सगळं लिहितेय.

पहिलं काम म्हणजे घरातला चमचा उलटा करून दांड्याची मागची बाजू बघा. बहुतेक वेळा तिथे कंपनीचं नाव आणि १८/१०, १८/८ किंवा १८/० असा आकडा कोरलेला असतो. पहिला आकडा क्रोमियमचा टक्का, दुसरा निकेलचा. क्रोमियममुळे स्टील गंजत नाही, आणि निकेलमुळे ते आणखी टिकतं आणि त्याला ती जराशी ऊबदार चमक येते. १८/८ आणि १८/१० शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही, त्यामुळे त्यात अडकू नका, पण १८/० चा रंग थंड, निळसर असतो, आणि माझी फसगत नेमकी तिथेच झाली होती.

आकडा नसेल तर फ्रिजवरचं चुंबक घ्या. १८/० ला ते घट्ट चिकटतं, १८/८ आणि १८/१० ला चिकटत नाही किंवा अगदी हलकं ओढल्यासारखं होतं, कारण स्टील दाबून वाकवून आकार दिला की थोडं चुंबकत्व येतं. फक्त ही परीक्षा सुरीवर करू नका, सुरीचं पातं धार टिकावी म्हणून वेगळ्या कडक स्टीलचं असतं, त्याला चुंबक चिकटतंच. अजून एक, चुंबक चिकटलं नाही म्हणजे माल भारीच असं धरून चालू नका, निकेल कमी करून मँगनीज घातलेलं स्टीलही मिळतं, त्यालाही चुंबक चिकटत नाही आणि ते मीठ-आंबट पदार्थांत तुलनेने लवकर डागाळतं. म्हणून नवीन घेताना आकडा कोरलेलाच घ्या, नसेल तर विचारा, आणि गोलमाल उत्तर आलं तर सोडून द्या.

कंपनी आणि डिझाइनचं नाव सापडलं तर आधी तेच डिझाइन अजून बनतंय का ते शोधा, कारण बऱ्याच कंपन्या त्याच डिझाइनचे वाढायचे चमचे सुटे विकतात आणि मग पुढचं काहीच करावं लागत नाही. डिझाइन बंद झालं असेल तर जुन्या सुट्या वस्तू विकणाऱ्यांकडेही कधी कधी मिळून जातं.

नाही मिळालं तर मग जुळवाजुळव, आणि इथे माझं ठाम मत आहे, जवळपास सारखं दिसणारं घेऊ नका. नक्षी नव्वद टक्के तीच आणि टोकाला वेगळी असेल तर ते चुकून आल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा साधा, बिननक्षीचा दांडा घ्या, तो बहुतेक कशाहीबरोबर बसतो, मात्र तीन गोष्टी जुळायला हव्यात, पॉलिश, दांड्याचं टोक आणि जाडी.

पॉलिशमधे आरशासारखं आणि मॅट हे दोन मुख्य प्रकार, आणि ते शेजारी ठेवले की लगेच डोळ्यात भरतात. मॅटमधेही बारीक रेघा असतात, कुणाच्या ठळक कुणाच्या मऊ, चमचा उजेडाकडे तिरका धरून बघा म्हणजे कळेल. आरशासारखं पॉलिश वापरून वापरून बारीक ओरखड्यांनी मवाळ होतं, त्यामुळे नवा चमचा सुरुवातीला जास्तच लखलखतो, तो फरक वापराने हळूहळू कमी होतो. म्हणून दुकानात नेताना सेटमधला सगळ्यात कमी वापरलेला चमचा न्या. आणि न्याच, फोटो नको, फोटोत रंग खरा येत नाही. तिथे पिवळ्या दिव्याखाली न बघता दाराशी, दिवसाच्या उजेडात बघा.

दांड्याचं टोक गोल, चौकोनी की टोकदार आहे आणि दांडा खालपासून वरपर्यंत रुंद होत जातो की सरळ राहतो, एवढं जुळलं तरी डोळा समाधानी होतो. जाडी मानेपाशी बघा, म्हणजे चमच्याचा खोलगट भाग जिथे दांड्याला मिळतो तिथे. हलक्या चमच्यांची जाडी साधारण दीड मिलीमीटरच्या आसपास असते, चांगल्या भक्कम चमच्यांची अडीच किंवा त्याहून जास्त. वाढायचा चमचा भरल्यावर जड होतो, त्यामुळे मान बारीक असेल तर तिथेच वाकतो. अंगठ्याने हलकं दाबून बघा, लवचिक वाटला तर नको.

लांबीचंही बघा. जेवायचा चमचा साधारण २० सेंटिमीटरचा असतो, वाढायचा २२ ते २५ असला की मोठ्या भांड्यात बुडत नाही आणि टेबलावर राक्षसी पण वाटत नाही. पळी वेगळी, तिला खोली आणि लांबी दोन्ही लागतात, आणि तिचा दांडा जोडलेला असेल तर जोड नीट तपासा, फटीत पाणी आणि अन्न साठतं आणि तिथूनच डाग सुरू होतात. शक्यतो एकसंध घ्या. एकदम मोठा सेट घ्यायची गरज नाही, दोन मोठे चमचे, एक भोकांचा, एक पळी आणि वाढायचा एक काटा एवढ्यात बहुतेक घरांचं भागतं.

घरी आणल्यावर लेबल काढायच्या आधी ते जुन्या चमच्यांसोबत टेबलावर मांडा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री घरच्या दिव्याखाली, आणि चार पावलं मागे जाऊन बघा. नजर सगळ्यात आधी नव्या चमच्यावरच जात असेल तर परत करा, लेबल तसंच असेल तोवर ते सोपं असतं.