टेबल सॉ: पात्याकडे कमी, लाकडाकडे जास्त बघा

टेबल सॉ म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल, फिरत्या पात्याने लाकूड कापणारं मशीन. त्याच्यासमोर पहिल्यांदा उभा राहणारा माणूस पात्याकडे बघत राहतो. साहजिकच आहे, एवढे दात फिरताना दिसले की नजर तिथेच खिळते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी मशीन बंद ठेवून एकच प्रश्न विचारते: "ही फळी कापून झाली की तिचे दोन तुकडे होणार. त्यातला प्रत्येक तुकडा कुठे जाणार?" उत्तर आल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही. पातं आपल्या जागेवर फिरत असतं, जागा सोडतं ते लाकूड. बोटं पात्यावर जाण्याचे कितीतरी प्रसंग असेच घडतात. आधी लाकूड उसळतं आणि ते ढकलणारा हात, खालचा आधार अचानक गेल्यामुळे, पुढे झेपावतो.

ही उसळी म्हणजे किकबॅक. पात्याचे पुढचे दात, म्हणजे तुमच्या बाजूचे, वरून खाली येतात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दात खालून वर येतात. चिरत गेलेली फळी जरा वाकडी होऊन त्या मागच्या दातांना टेकली की ते तिला उचलतात, पात्याच्या माथ्यावर घेतात आणि तुमच्या दिशेने फेकतात. 10 इंची पातं मिनिटाला 4000 फेरे घेत असेल तर दाताच्या टोकाचा वेग ताशी सुमारे 190 किलोमीटर भरतो. त्या वेगापुढे "मी घट्ट धरीन" याला काही अर्थ नाही. म्हणून फळी मागच्या दातांना टेकणारच नाही, अशी व्यवस्था आधी करायची.

त्यासाठी मशीनवरचा सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे रायव्हिंग नाइफ, पात्याच्या मागे उभी असलेली पोलादी पट्टी. ती पात्याबरोबर वरखाली होते आणि दातांपासून जेमतेम 3 ते 8 मिलिमीटर लांब असते. चिरलेली फट मिटू लागली किंवा फळी फेन्सपासून (म्हणजे जिला टेकवून फळी पुढे ढकलतात त्या सरळ कडेपासून) सुटून पात्याकडे सरकली, तर ती आधी या पट्टीला अडते. दिसायला बिनकामाची वाटते, त्यामुळे खोक्यातून काढलेल्या मशीनवर ती न लावताच काम करणारे बरेच आहेत. नवं पातं घेतलंत तर जाडी जुळते का तेही बघा. पट्टी पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांनी पाडलेल्या फटीपेक्षा पातळ हवी. पत्रा 1.8 मिलिमीटर आणि फट 2.6 असेल तर 2.2 ची पट्टी ठीक. पट्टी फटीपेक्षा जाड असेल तर फळी तिथेच अडकते आणि माणूस वैतागून पट्टीच काढून ठेवतो. पत्र्यापेक्षा पातळ पट्टी मात्र असून नसल्यासारखी. जुन्या मशीनला ही सोय नसेल तर टेबलाच्या मधल्या पट्टीत (पातं जिच्यातून वर येतं ती), पात्याच्या बरोबर रेषेत, मागे एक स्प्लिटर, म्हणजे फट उघडी ठेवणारी उभी पट्टी, बसवून घ्या. तो पात्याबरोबर हलत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा फार बरा.

वरचं झाकण, म्हणजे गार्ड, याबद्दल माझं मत कडक आहे. आरपार कापायचं असेल तर गार्ड लागलेलाच हवा. "दिसत नाही" ही तक्रार मला पटत नाही. बघायचं असतं ते फळी फेन्सला चिकटून चालली आहे की नाही, आणि फेन्स गार्डखाली लपत नाही.

आता फेन्स. तो पात्याला समांतर हवा, आणि हे डोळ्यांनी ठरवायचं काम नाही. प्लग काढा. पातं पूर्ण वर घ्या, एका दातावर मार्करने खूण करा. टेबलातल्या मायटरच्या खाचेला (आडव्या कापाचा सरकता आधार, म्हणजे मायटर गेज, जिच्यात चालतो ती लांब खाच) सरकता गुण्या, म्हणजे पट्टी मागेपुढे सरकणारा काटकोन, टेकवून त्याची पट्टी त्या दाताला जेमतेम लागेल अशी लावा. मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे न्या आणि गुण्याही मागे सरकवून बघा. दोन्ही वेळा दात वेगवेगळा घेतलात तर पात्याचा वाकडेपणा मोजाल, टेबलाचा नाही. पातं खाचेला समांतर निघालं की फेन्सही त्याच खाचेवरून, पुढे आणि मागे मोजून, लावायचा. मागच्या टोकाला फेन्स पात्याकडे सूतभरही झुकलेला चालणार नाही. तसा असला तर प्रत्येक फळी तुम्ही स्वतःच्या हाताने मागच्या दातांवर नेऊन दाबता. कागदाच्या जाडीइतका बाहेर गेला असेल तर मी त्याला हात लावत नाही.

फेन्स उभ्या चिरण्यासाठी, म्हणजे रेषांच्या दिशेने, मायटर गेज आडव्या कापासाठी. दोन्ही एकाच वेळी लाकडाला लावले की तुकडा फेन्स आणि पात्याच्या मध्ये कैद होतो, त्याला ढकलणारं कोणी नसतं, आणि तो जरासा तिरका झाला की उडतो. एकाच मापाचे बरेच तुकडे हवे असतील तेव्हा हा मोह होतो, कारण फेन्सवर माप आयतं मिळतं. मग असं करा: साधारण 20 मिलिमीटर जाडीचा ठोकळा फेन्सच्या पुढच्या भागावर, पात्याच्या बऱ्याच अलीकडे, क्लॅम्पने बसवा. लाकूड त्या ठोकळ्याला टेकवून माप घ्या, आणि मगच मायटर गेजने पुढे न्या. पात्यापाशी पोचेपर्यंत लाकडाचा ठोकळ्याशी संबंध सुटलेला असतो, कापलेल्या तुकड्याच्या बाजूला तेवढी मोकळी जागा उरते. आणि दोन्हीपैकी काहीच न वापरता, नुसत्या हाताने, या मशीनवर काहीही कापायचं नाही. याला अपवाद नाही.

लाकडाची निवड हाही सुरक्षिततेचाच भाग आहे, पण बहुतेक जण तिकडे दिसण्याचा मामला म्हणून बघतात. फेन्सला टेकणारी कड सरळ हवी, टेबलावर बसणारी बाजू सपाट हवी. पिळवटलेली फळी टेबलावर डुगडुगते आणि अर्ध्या कापात बैठक बदलते. तिला आधी रंधा मारा. नुसता बाक असेल तर पोकळ बाजू खाली, म्हणजे दोन्ही कडा टेबलावर टेकतील. काही लाकडं आत ताण धरून असतात आणि चिरताना फट मिटवत येतात किंवा फाकवतात. गाठीपाशी किंवा तिरप्या रेषांच्या फळीत हे जास्त जाणवतं. जुनं लाकूड असेल तर खिळे शोधा, लोहचुंबक फिरवलं तरी बरेच सापडतात. लांबीपेक्षा रुंदी जास्त असलेला तुकडा फेन्सच्या आधाराने चिरू नका, टेकायला कड पुरत नाही आणि तो गर्रकन फिरतो. 300 मिलिमीटरपेक्षा आखूड तुकडे मी चिरतच नाही. लांब फळी आधी चिरून घेते, मग तिचे आखूड तुकडे करते. 8 बाय 4 फुटांची अख्खी प्लायवूडची शीट एकट्याने टेबल सॉवर चढवू नका. जमिनीवर थर्माकोल पसरून हातातल्या सर्क्युलर सॉने आधी तिचे आटोपशीर भाग करा.

उभं कुठे राहायचं? पात्याच्या रेषेत नाही, आणि पातं व फेन्सच्या मधल्या पट्टीच्या रेषेतही नाही. फेन्स उजवीकडे असेल तर पात्याच्या थोडं डावीकडे, पाय फाकून, तोल दोन्ही पायांवर. डावा हात पात्याच्या अलीकडेच राहून फळी फेन्सकडे दाबतो आणि पात्याच्या पुढच्या टोकाशी थांबतो. त्याच्या पुढे तो जात नाही, कापलेला तुकडा बाजूला करायलाही नाही. उजवा हात ढकलतो. मी डावखुरी आहे, त्यामुळे ढकलायला डावा हात पुढे करायची ओढ मला सतत असते. तसं केलं की हात पात्यावरून आडवा जातो. डावखुऱ्यांनी या एका कामापुरती उजव्या हाताची सवय करावी, मशीन बंद असताना.

ढकलायचं ते पातं आणि फेन्स यांच्यामधल्या लाकडाला, सुट्या राहणाऱ्या भागाला नाही. ते लाकूड रायव्हिंग नाइफच्या पलीकडे पूर्ण जाईपर्यंत सोडायचं नाही. काप संपला म्हणजे धोका संपला असं वाटतं तो क्षणच वाईट, तेव्हा लाकूड मागच्या दातांच्या अगदी शेजारी असतं. हात आणि पातं यांत 150 मिलिमीटरपेक्षा कमी अंतर राहणार असेल तर पुश स्टिक, म्हणजे लाकूड ढकलायची काठी, घ्या. मी त्या 12 मिलिमीटर प्लायवूडच्या बनवते. नुसती खाच असलेल्या काठीपेक्षा टाचेचा लांब ठोकळा मला आवडतो, कारण तो लाकूड ढकलतो तसा खालीही दाबतो. टाच झिजली की नवीन. सगळ्या भगव्या रंगवल्या आहेत, भुशात पडल्या तरी दिसतात. आणि त्यांची जागा मशीनच्या कडेलाच खिळ्यावर आहे, पाठीमागच्या भिंतीवर नाही. काप अर्ध्यात आला असताना वळून काही शोधायचं नसतं.

अरुंद पट्ट्या काढायच्या असतील, समजा 8 मिलिमीटरच्या, तर त्या फेन्स आणि पात्याच्या मध्ये अडकवू नका. पट्टी पात्याच्या डाव्या बाजूला पडू द्या. डावीकडच्या मायटर खाचेत, पात्याच्या अलीकडे, एक टेकू घट्ट बसवायचा आणि त्याचं पात्यापासूनचं अंतर 8 मिलिमीटर ठेवायचं. दर वेळी फळी टेकूला टेकवा, फेन्स फळीला आणून लावा, कापा. फेन्स पुन्हा पुन्हा हलवावा लागतो हे कंटाळवाणं आहे खरं, पण मोठा भाग फेन्सकडे राहतो आणि पट्टी मोकळी सुटते. टेबलाच्या मधली पट्टी पात्यालगत बंद असलेली वापरा, नाहीतर पट्ट्या फटीत घुसतात.

पात्याची उंची लाकडाच्या वर इतकी ठेवा की दातांमधल्या खाचा जरा बाहेर दिसतील. दातांची संख्या कामाप्रमाणे: चिरायला 24, प्लायवूड आणि आडव्या कापाला 60 किंवा 80. 80 दातांच्या पात्याने जाड सागवान चिरायला गेलात तर लाकूड जळेल आणि तुम्ही जोर लावाल. जोर लावावा लागतोय म्हणजे काहीतरी चुकलंय, इतकं धरून चालावं. पातं बोथट असेल, डिंक साचला असेल, नाहीतर फेन्स वाकडा असेल.

हातमोजे नको, दात ते आत ओढतात. लांब बाह्या, ओढणी, अंगठी, बांगड्या, मोकळे केस, काही नको. चष्मा आणि कानाला संरक्षण हवंच. भुशाला कमी लेखू नका: लाकडाची धूळ माणसात कॅन्सर करते असं आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 1995 साली जाहीर केलेलं आहे. व्हॅक्यूम मशीनला जोडा, तोंडाला चांगला मास्क लावा, एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, कापताना तर नक्कीच.

बोट लागताच पातं थांबवणारी मशीन आता मिळतात. सॉस्टॉप या अशी मशीन बनवणाऱ्या कंपनीचा स्टीव्ह गॅस याने 1999 साली ही कल्पना मांडली. पात्यातून बारीक विद्युत संकेत फिरत असतो, त्वचेचा स्पर्श झाला की तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसून 5 मिलिसेकंदांच्या आत पातं थांबवतो. ठोकळा आणि बहुधा पातंही वाया जातं, ओल्या लाकडानेही ते चालू होऊ शकतं. परवडत असेल तर जरूर घ्या. पण ते बोट वाचवतं, उडालेलं लाकूड थांबवत नाही.

काप चालू असताना फळी अडकली, आवाज बदलला, धूर आला, तर मागे ओढू नका. जिथे आहे तिथेच खाली आणि फेन्सकडे दाबून धरा, आणि गुडघ्याने किंवा मांडीने स्विच बंद करा. म्हणूनच मोठा, खाली लावलेला बंद करायचा स्विच हवा. वीज जाऊन परत आली तर आपोआप सुरू न होणारा स्विच असेल तर आणखी चांगलं. पातं पूर्ण थांबेपर्यंत धरून राहा, बंद केल्यावरही ते बराच वेळ फिरतं. मग फटीत लाकडी पाचर घाला आणि फळी काढा. कापलेले बारीक तुकडेही पातं थांबल्यावरच उचलायचे. मागे लाकूड धरायला माणूस असेल तर त्याने फक्त पेलायचं, ओढायचं नाही. रोलर स्टँड असेल तर मदतनीसाची गरजही उरत नाही.

फोन खिशात ठेवा, पण आवाज बंद. घरात कोणाला तरी माहीत असू द्या की तुम्ही मशीनवर आहात. तरीही बोट कापलं गेलं तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा. तुटलेला भाग किंचित ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. थेट बर्फावर ठेवला तर पेशी खराब होतात. हे कागदावर लिहून मी मशीनच्या वर चिकटवलं आहे, कारण त्या वेळी आठवेलच असं नाही.

काम संपलं की पातं टेबलाखाली उतरवा, प्लग काढा, आणि घरात लहान मुलं असतील तर स्विचची चावी काढून घ्या.