गावाच्या नावाचा आणि ग्रामदैवताचा माग कसा काढावा

गावाला हे नाव कशावरून पडले, असे विचारले की बहुधा ग्रामदैवताची कथाच ऐकायला मिळते. ती सांगणाऱ्याच्याच शब्दांत, तारखेसह उतरवून घ्यावी आणि देवळाचे गुरव, जुन्या घरातील आजी, पालखीचे मानकरी अशा निदान तिघांकडून स्वतंत्रपणे ऐकावी. कथेत जिथे फरक पडतो, तिथेच खरी माहिती दडलेली असते.

नावाची फोड शेवटाकडून करावी. खुर्द म्हणजे धाकटे आणि बुद्रुक म्हणजे थोरले. हे शब्द फारसीतून आलेले असल्याने ते बाजूला ठेवून मूळ नाव पाहावे. पिंपळगाव, वडगाव यांतील झाड उघडच दिसते. पण करहाटकाचे कऱ्हाड आणि प्रतिष्ठानाचे पैठण झाले, इतके उच्चार झिजतात, म्हणून आजच्या नावावर जुळेल तो संस्कृत शब्द चिकटवण्याचा मोह टाळावा.

देवळाच्या आवारात, पारावर आणि वेशीजवळ पडलेले दगड मात्र सावकाश पाहावेत. वीरगळावर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेवर, सहसा खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलिंगाची पूजा कोरलेली असते. वर चंद्र-सूर्य आणि खाली गाढव व स्त्री असा दगड आढळला, तर तो गधेगाळ होय. दिलेले दान मोडणाऱ्यासाठी ती शापवाणी असते आणि कित्येकदा त्यावर दानाचा लेखही असतो. असे दगड पुष्कळ ठिकाणी शेंदूर लावून देव म्हणून पुजले जातात. तो शेंदूर खरवडू नये, अक्षरांत चुना किंवा खडू भरू नये. संध्याकाळी बॅटरीचा झोत एका बाजूने तिरपा टाकून छायाचित्र घेतले की झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. लेखात शक वर्ष असेल, तर त्यात 78 मिळवून इसवी सन काढावे. पौष ते फाल्गुन या महिन्यांत मात्र बहुधा 79 मिळवावे लागतात.

कागदांसाठी तलाठी कार्यालयात गाव नमुना 3, म्हणजे दुमाला (सरकारने सारा पूर्ण किंवा अंशतः सोडलेल्या) जमिनींची नोंदवही पाहावी. देवस्थान इनाम, म्हणजे देवळासाठी दिलेली जमीन, वर्ग 3 मध्ये मोडते. इनाम कोणत्या देवाच्या नावे आहे, हे तिथे कळते आणि देवाचे जुने नावही कधी कधी तिथेच सापडते. पेशवेकालीन कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत, पण ते मोडीत असल्यामुळे मोडी वाचणारा जाणकार सोबत न्यावा.

जत्रेत नैवेद्याचा पहिला मान कोणत्या घराचा, पालखी कोणत्या शेतात थांबते, हेही टिपावे. त्या शेताचे नाव तिथल्या शेतकऱ्यालाच विचारावे, कारण सातबाऱ्यावर शेताच्या स्थानिक नावाचा रकाना असला, तरी तो कित्येकदा रिकामाच असतो.