दुटप्पीपणाचा आरोप तपासायचा कसा?

एखाद्या नेत्याचे दहा वर्षांपूर्वीचे भाषण आणि त्याचेच कालचे विधान शेजारी शेजारी चिकटवलेली चित्रफीत मोबाइलवर येते, खाली ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ असे लिहिलेले असते आणि पाहणाऱ्याचे मत अर्ध्या मिनिटात तयार होते. अशा चित्रफिती बहुतेक वेळा खोट्या नसतात, अपुऱ्या असतात. अशीच एक चित्रफीत मी खातरजमा न करता नातेवाइकांच्या गटात पुढे ढकलली होती. नंतर पूर्ण भाषण ऐकले तेव्हा कळले की कापलेल्या वाक्याच्या आधी वक्त्याने ‘समोरच्यांचे म्हणणे असे आहे की’ असे म्हटले होते. त्या फजितीनंतर मी जी पद्धत लावून घेतली, ती येथे मांडतो.

सुरुवात शब्दांपासून करावी, कारण आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकाच नावाने झोडपतो. पक्षाने आधी एक आणि नंतर दुसरी भूमिका घेतली तर ते घूमजाव. एकच नियम आपल्या माणसाला एका रीतीने आणि परक्याला दुसऱ्या रीतीने लावला, म्हणजे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, तर तो दुटप्पीपणा. जे स्वतःला मुळीच पटलेले नाही ते पटल्याचा आव आणला तर ते ढोंग. घूमजाव सिद्ध करण्यास तारखेसह दोन विधाने पुरतात. दुटप्पीपणासाठी दोन प्रसंगांची परिस्थिती सारखी होती हे दाखवावे लागते. ढोंगासाठी मनातला हेतू सिद्ध करावा लागतो आणि तो बाहेरच्या माणसाच्या हाती क्वचितच लागतो. म्हणून ढोंगाचा आरोप मी तरी बाजूलाच ठेवतो.

त्यानंतर, ज्या नियमाचा भंग झाला असे आपल्याला वाटते, तो नियम पक्षाचे किंवा नेत्याचे नाव न घेता एका वाक्यात लिहून काढावा. हे वाक्य लिहिता येत नसेल, तर आपल्याजवळ राग आहे, आरोप नाही. उदाहरणादाखल हे वाक्य घ्या : ‘लोकसभेच्या निवडणुकीत एखाद्या राज्यात सत्ताधारी पक्षाचा दारुण पराभव झाला, तर त्या पक्षाच्या राज्य सरकारने जनादेश गमावला असे समजून विधानसभा बरखास्त करावी.’ १९७७ साली केंद्रात आलेल्या जनता सरकारने याच युक्तिवादावर काँग्रेसची नऊ राज्य सरकारे राष्ट्रपती राजवटीच्या अनुच्छेद ३५६ खाली घालवली आणि काँग्रेसने त्याविरुद्ध आक्रोश केला. १९८० साली इंदिरा गांधी परतल्या तेव्हा त्यांच्या सरकारने तोच युक्तिवाद उचलून पुन्हा नऊ राज्य सरकारे घालवली, त्यांत महाराष्ट्रातले शरद पवारांचे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारही होते. आता आक्रोश करण्याची पाळी दुसऱ्या बाजूची होती. येथे नियम तोच, परिस्थिती जवळपास तीच आणि फक्त पात्रांची अदलाबदल झालेली असल्याने दुटप्पीपणाचा आरोप दोन्हीकडे निर्विवाद चिकटतो. इतके स्वच्छ उदाहरण सहसा मिळत नाही. (सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हस्तक्षेप केला नव्हता; या अधिकाराला खरा लगाम १९९४ च्या बोम्मई निकालाने बसला.)

प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणे गुंतागुंतीची असतात आणि तेथे मूळ कागद वाचण्याला पर्याय नाही. २०२० च्या कृषी कायद्यांचा वाद या दृष्टीने सावकाश पाहण्यासारखा आहे. बाजार समितीच्या आवाराबाहेर शेतमालाच्या खरेदी-विक्रीला मोकळीक देणारा आणि त्या व्यवहारावर राज्यांना शुल्क घेण्यास मनाई करणारा कायदा केंद्राने केला, तेव्हा भारतीय जनता पक्षाने विरोधकांपुढे दोन कागद ठेवले. एक होता काँग्रेसचा २०१९ चा जाहीरनामा. त्यात बाजार समिती कायदा रद्द करण्याचे आणि शेतमालाचा व्यापार निर्बंधमुक्त करण्याचे आश्वासन होते. दुसरा कागद म्हणजे केंद्रीय कृषिमंत्री असताना शरद पवारांनी २०१० आणि २०११ मध्ये मुख्यमंत्र्यांना लिहिलेली पत्रे. त्यांत पणन व्यवस्थेत खासगी क्षेत्राला वाव देण्याचा आग्रह होता.

आता हे दोन्ही कागद सारख्याच वजनाचे आहेत का, हे पाहावे. पत्रांत राज्यांना त्यांचे स्वतःचे कायदे केंद्राने राज्यांना नमुना म्हणून दिलेल्या २००३ च्या आदर्श बाजार समिती कायद्याच्या धर्तीवर सुधारण्याची विनंती होती, तर २०२० चा कायदा केंद्राने राज्यांना वळसा घालून केला होता. सुधारणेला पाठिंबा आणि ती करण्याच्या पद्धतीला विरोध या दोन गोष्टी एका माणसाच्या ठायी नांदू शकतात, त्यामुळे पत्रांवरून दुटप्पीपणा सिद्ध होत नाही असे माझे मत आहे. जाहीरनाम्याचे तसे नाही. त्यातल्या लगतच्या मुद्द्यात मोठ्या गावांत आणि छोट्या शहरांत सोयीसुविधांसह शेतकरी बाजार उभारण्याचे आश्वासन होते आणि काँग्रेसने बचावासाठी त्याकडे बोट दाखवले. हा मुद्दा चित्रफितीत कधी दिसत नाही आणि तो वाचायलाच हवा. तरीही तो वाचल्यावरदेखील ‘बाजार समिती मोडली तर शेतकरी उघड्यावर येईल’ हा पुढचा प्रचार जुन्या आश्वासनाशी जुळवून दाखवणे अवघड जाते. याला घूमजाव म्हणावे.

येथेच थांबलो तर मात्र तपास एकतर्फी ठरेल. डिसेंबर २०१२ मध्ये किरकोळ व्यापारातल्या परकीय गुंतवणुकीवर लोकसभेत चर्चा झाली, तेव्हा विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांनी आडत्यांची बाजू जोरात मांडली होती आणि अडीनडीला पैसे पुरवणारा आडत्या हे शेतकऱ्याचे पारंपरिक एटीएम आहे असे म्हटले होते. त्याच आडत्याला आठ वर्षांनी त्यांच्या पक्षाचे नेते शेतकऱ्याच्या गळ्यातली धोंड ठरवत होते. एका बाजूचा जुना कागद हाती लागला की त्याच विषयावरचा, त्याच सुमाराचा दुसऱ्या बाजूचा कागद शोधायचा, ही सवय लावून घेतली तर निम्मे वाद आपोआप विरतात.

हे कागद शोधणे वाटते तितके कठीण नाही. दोन्ही सभागृहांतल्या चर्चांचे शब्दशः वृत्तांत संसदेच्या संकेतस्थळांवर आहेत आणि प्रश्नोत्तरेही तारखेवरून सापडतात. सरकारची अधिकृत भूमिका काय होती हे पाहायचे तर पत्र सूचना कार्यालयाची निवेदने आणि न्यायालयात दाखल झालेली प्रतिज्ञापत्रे पाहावीत, कारण सभेतल्या भाषणापेक्षा प्रतिज्ञापत्रात तोलूनमापून लिहावे लागते. बोलणारा त्या वेळी कोणत्या नात्याने बोलत होता, मंत्री म्हणून, प्रवक्ता म्हणून की वैयक्तिक मत म्हणून, याचीही नोंद करावी.

आकड्यांच्या बाबतीत आधी काय मोजायचे ते ठरवावे. पेट्रोलच्या दरवाढीविरुद्ध रस्त्यावर उतरलेला पक्ष सत्तेत आल्यावर गप्प बसतो, हा आरोप सर्वांच्या तोंडी असतो. पण पंपावरच्या दरात कच्च्या तेलाचा भाव, केंद्राचे उत्पादन शुल्क, राज्याचा व्हॅट आणि विक्रेत्याचे कमिशन एवढे सगळे मिसळलेले असते. सरकारच्या हातात असलेला भाग वेगळा काढला की चित्र स्पष्ट होते : पेट्रोलवरचे केंद्रीय शुल्क २०१४ च्या मे महिन्यात लिटरला ९ रुपये ४८ पैसे होते, ते मे २०२० मध्ये ३२ रुपये ९८ पैशांवर गेले आणि पुढे २०२१ व २०२२ मध्ये दोन टप्प्यांत कमी करण्यात आले. आरोप करायचाच असेल तर तो या आकड्यांवर करावा आणि हीच फूटपट्टी आपल्या आवडत्या पक्षाच्या राज्यातल्या व्हॅटलाही लावावी.

काही दुटप्पीपणा तर चित्रफितीत येतच नाही, कारण त्यावर आरडाओरडा करणारे कोणी उरत नाही. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष या दोघांनीही विदेशी देणग्यांच्या कायद्याचा भंग केल्याचे म्हटले. त्यानंतर २०१६ आणि २०१८ च्या वित्त विधेयकांतून तो कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलण्यात आला. केंद्रीय माहिती आयोगाने जून २०१३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणले, तेव्हा पारदर्शकतेवर एरवी तासभर बोलणाऱ्या या पक्षांनी त्या आदेशाचे पालन केलेच नाही. निवडणूक रोख्यांचे, म्हणजे नाव उघड न करता पक्षांना देणगी देण्याच्या २०२४ मध्ये रद्द झालेल्या सोयीचे, प्रकरण थोडे निराळे आहे. रोख्यांना विरोध करणाऱ्या पक्षाने ते स्वीकारले, एवढ्यावरून मी त्याला दुटप्पी म्हणणार नाही, कारण चालू नियमाने खेळत असतानाच नियम बदलण्याची मागणी करता येते. पण मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने रोखे घेतले नाहीत आणि न्यायालयातही आव्हान दिले, म्हणजे न घेण्याचा मार्ग खुला होता, हेही नोंदवावे लागते.

शेवटी मतदानाच्या दाव्यांविषयी. ‘अमक्याने विधेयकाच्या बाजूने मत दिले’ असे कोणी म्हणाले, तर मतविभाजन, म्हणजे प्रत्येक सदस्याच्या मताची नोंद करून मोजणी, झाले होते का, हे प्रथम विचारावे. तीनपैकी दोन कृषी विधेयके २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत आवाजी मतदानाने संमत झाली, त्यामुळे कोणत्या सदस्याने काय मत दिले याची यादी अस्तित्वातच नाही. घटनादुरुस्तीला मात्र विशेष बहुमत लागत असल्याने मतांची मोजणी होतेच. महिला आरक्षणाचे विधेयक ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत १८६ विरुद्ध १ मताने संमत झाले, त्या वेळी समाजवादी पक्ष आणि राष्ट्रीय जनता दल यांनी त्याला कडाडून विरोध केला होता. २०२३ मध्ये त्याच सभागृहात २१४ विरुद्ध शून्य असा निकाल लागला आणि या पक्षांनी पाठिंबा दिला. मागासवर्गीय महिलांना आरक्षणात वेगळा वाटा हवा ही त्यांची मागणी दोन्ही वेळा तीच होती, बदलले ते मत. तेव्हा नोंदवहीत ‘घूमजाव’ या शब्दापुढे ही मागणीही लिहावी.